वगळलेल्या चार चाचण्या

३ फेब्रुवारी

प्रति,
‘कडी’ हे टूल जिनं लिहिलं तिला,

हे पत्र कामापुरतं आहे. तू ऑफिस सोडलंस त्याला तीन वर्षं झाली, पण तुझी ‘कडी’ इथंच राहिली आणि आता एका मोठ्या गिऱ्हाइकाला ती हवी आहे. त्यांची अट एकच, सोबत नीट मॅन्युअल पाहिजे. मॅन्युअल लिहिणं हे माझं काम. तू एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाहीस, ही तुझी जुनी खोड. साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, “तुमची सख्खी बहीण ना? मग विचारा की तिला. घरचीच तर गोष्ट!” मी मान डोलावली. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस आणि माझी ई-मेल तुझ्यापर्यंत पोचत नाही, हे सांगून मला चारचौघांत हसं करून घ्यायचं नव्हतं. पोस्टमनला ब्लॉक करणं मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. पत्ता आईच्या वहीतून घेतला. तिला विचारून.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात.

तुझं टूल काय करतं ते मला समजलं आहे. ऑफिसात कुणी कुठली फाइल उघडावी आणि कुणी उघडू नये याचे नियम असतात. ते नियम खरंच तसे वागतात का, हे ‘कडी’ आधीच तपासून बघते. कोण, कशाला हात लावणार, आणि चालेल की नाही, असं एकेक विचारत जाते. पण प्रत्येक चाचणीत उत्तर काय यायला हवं ते तू आधी लिहायला लावतेस आणि मगच चाचणी चालवू देतेस. आधी चालवून आलेलं उत्तर उतरवून घेतलं तर काय बिघडतं? गिऱ्हाईक हे विचारणारच.

दुसरं. नमुन्याच्या चाचण्यांत लोक ‘कर्मचारी’, ‘मॅनेजर’ अशी माणसं घालतात. तुझ्या चाचण्यांत ताई, धाकटी, आई, बाबा आहेत आणि फायलींच्या जागी सायकल, बिस्किटांचा डबा, बाबांचा ड्रॉवर आणि रेडिओ. साहेबांना ते बदलून हवंय. बदललं तर काही मोडेल का?

तिसरं. सगळ्या चाचण्या चालवल्या की शेवटी येतं, ‘बासष्ट पास, चार वगळल्या’. या चार चाचण्या कसल्या आणि का वगळल्या? मी त्या उघडून पाहिलेल्या नाहीत. मॅन्युअलात त्यांच्याबद्दल एक ओळ लागेल.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल.

आईची तब्येत बरी आहे. अर्थात, तू रविवारी तिच्याशी बोलतेसच.

वरिष्ठ लेखिका,
मॅन्युअल विभाग


१० फेब्रुवारी

धाकटे,

आठवडा झाला, उत्तर नाही. ते येईल असं मला वाटलंच नव्हतं, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्न नाही. वाटलं, पण थोडंच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझं मलाच सापडलं, तेही भांडी घासताना. तू सात वर्षांची असशील, मी तेरा. माझ्याकडे काही मागायला यायचीस तेव्हा तुझी एक मूठ घट्ट मिटलेली असायची. “ताई, तुझी सायकल घेऊ?” मी म्हणायचे, नाही. मग तू मूठ उघडायचीस आणि तळहातावर बॉलपेननं लिहिलेलं असायचं, ‘नाही’. आणि तू अशी काही ऐटीत निघून जायचीस की सायकल मिळाली असती तरी एवढी ऐट केली नसतीस. “आधीच माहीत होतं तर विचारलंस कशाला?” असं मी ओरडायचे. तू जिन्यावरून म्हणायचीस, “खात्री करायला!” एवढीशी पोर, आणि तोंड बघा.

तर आता मॅन्युअलात लिहिलंय, ‘उत्तर काय यायला हवं ते आधी लिहा. उत्तर आधी बघितलं की माणूस म्हणतो, मला हेच हवं होतं.’ साहेबांना वाक्य फार आवडलं. ते खरं तर तुझं आहे हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं म्हणशील तर मी स्वतः बदलून बघायला बसले होते. सायकलीची फाइल केली, बाबांचा मॅनेजर केला. मग सतरावी चाचणी आली. ‘धाकटी. बिस्किटांचा डबा. नाकारलं.’ आणि लगेच अठरावी, ‘धाकटी, स्टुलावर चढून. बिस्किटांचा डबा. नाकारलं पाहिजे, पण मिळायचा. पळवाट बुजवली.’ मी एकटीच एवढ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरचा टेस्टर खुर्ची सरकवत आला. त्यानं अठरावी वाचली आणि म्हणाला, “मॅडम, नियम असला तरी पळवाट कशी राहते हे यापेक्षा सोपं करून कुणी सांगणार नाही. राहू द्या की.” मी साहेबांना सांगितलं, घर घरच राहील. ते जरा गुरगुरले. राहिलं.

अडले आहे ती एका वाक्यापाशी. ‘कडी’चा पहिला नियम. तुझ्या कोडमध्ये तो सगळ्यात वर आहे. एखाद्या माणसाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, हो पण नाही आणि नको पण नाही, तर ‘कडी’ त्याला नाकारते. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच पानावर ठसठशीत सांगायला हवं. मी ते अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा खोडलं. वॉशिंग मशीनपासून लिफ्टपर्यंत सगळ्याची मॅन्युअलं लिहिलेली बाई मी, एका साध्या वाक्याला अडावं म्हणजे काय!

आईची बातमी तुला ठाऊक असेलच. हृदयाची एक झडप बदलायची आहे, सव्वीस तारखेला. डॉक्टर म्हणतात हे रोजचंच आहे. त्यांचं असेल रोजचं. ऑपरेशन बाबांना ठेवलं होतं त्याच हॉस्पिटलात आहे. दुसरीकडे न्यायचं मी बोलून पाहिलं, पण आईचे डॉक्टर तिथंच बसतात.

त्या चार चाचण्यांबद्दल कळव.

ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. त्या चार चाचण्या मी पहिल्याच दिवशी उघडल्या होत्या. तुला विचारत राहिले, कारण मला वाटलं तू त्यांचा काहीतरी वेगळा अर्थ सांगशील.

‘धाकटी. बाबांची खोली. बुधवार, सकाळी दहा. अपेक्षित उत्तर, आत सोडावं. आलेलं उत्तर, नाकारलं. कारण, यादीत नाव नाही.’

मग बुधवार, दुपारी चार. मग गुरुवार, सकाळी अकरा. मग गुरुवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

बाबा साडेसातला गेले.

धाकटे, मला एकदाच माहीत होतं. बुधवारी दुपारी नर्स येऊन म्हणाली होती, “खाली तुमची बहीण आलीय, यादीत नाव नाही म्हणून थांबवलंय, काय करू?” मी म्हटलं, नंतर बघते. नंतर मी बघितलं नाही. तू चिडून निघून गेली असशील असं मी मनाशी ठरवून टाकलं. तू पुन्हा आलीस आणि पुन्हा आलीस, हे मला तीन वर्षांनी एका टूलमधून कळतंय. तू खाली त्या बाकावर बसलेली असणार आणि मी तीन मजले वर. आतमध्ये फोन बंद ठेवायचा नियम होता हे खरं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावरही मी तो चालू केला नाही हेही खरं. आईकडे तेव्हा फोन नव्हता. तिला मी सांगितलं की तू रागावली आहेस.

सगळ्यांना मी तीन वर्षं एकच सांगत आले, की मी तिला कुठं अडवलं? आत सोडू नका असं मी कुठं लिहिलं होतं? दाखवा! आणि मी खरंच तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पेशंटकडे कुणाला सोडायचं त्या फॉर्मवर तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर आईचं नाव लिहिलं, दुसऱ्यावर माझं. तिसऱ्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. कुणी भलतंच नाव घुसडू नये म्हणून मारतात तशी.

आता तुला कळलं असेल ते वाक्य मला अकरा वेळा का लिहिता येईना.

कारण म्हणून मी स्वतःला काय सांगत होते तेही लिहिते. आदल्याच आठवड्यात तू नोकरीसाठी गाव सोडायचं म्हणालीस, बाबा चिडले, तुम्ही दोघं तासभर भांडलात, तू बॅग उचलून मैत्रिणीकडे राहायला गेलीस. मग बाबांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, पेशंटला त्रास होईल असं काही नको. मी म्हटलं, ठीक, धाकटी म्हणजे त्रास.

हे कारण चांगलं आहे. तीन वर्षं टिकलं. पण खरं कारण वेगळं आहे. मंगळवारी बाबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. रात्रभर होता. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “धाकटी कुठाय?” थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांचा हात खाली ठेवला आणि फॉर्म भरायला गेले.

बस, एवढंच. एवढ्यासाठी.

मी त्यांना सांगत राहिले, येतेय, वाटेत आहे. त्यांनी नर्सला सांगून कूस बदलून घेतली आणि दाराकडे तोंड केलं. पाठीला रग लागायची, तरी त्या कुशीवरून हलायला तयार नव्हते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ते दाराकडे बघत होते. तेव्हा तू खाली होतीस.

बाबा गेल्यावर जिन्यात तू ओरडलीस, “मी आले होते!” आणि मी म्हटलं, “मग वर का नाही आलीस?” तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. रेघ मारणारा हात माझाच होता आणि मी तुला हे विचारलं.

माफ कर असं लिहायला पेन उचलते आणि ठेवते. तीन वर्षांत मी तुझ्यासाठी घरात एकही गोष्ट बदललेली नाही. तुझा टॉवेल तुझ्या खुंटीवर आहे. धुते आणि परत तिथंच टांगते. रविवारी तुझा फोन आला की मी बाल्कनीत जाते आणि दार अर्धवट लोटते. नीट लावून घेतलं तर तुझा आवाज ऐकू येणार नाही. मला तुझी फार आठवण येते गं.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

हे पत्र कामाचं आहे, बाकीचं मागच्या पत्रात सांगून झालं.

त्या चार चाचण्यांचं काय करायचं म्हणून मी टेस्टरला दाखवल्या. गोष्ट सांगितली नाही, नुसत्या चाचण्या दाखवल्या. त्यानं पाच सेकंदांत निकाल लावला. “सोपंय मॅडम. अपेक्षित उत्तराच्या जागी ‘नाकारलं’ लिहा. तेच येतंय, तेच लिहायचं. चारही पास होऊन हिरव्या होतील.” मग डोकं खाजवत म्हणाला, “पण ज्यानं लिहिल्यात त्याला हे माहीत नसणार असं होणार नाही. त्यानं वगळून ठेवल्या, पण अपेक्षा बदलली नाही. हट्टी दिसतोय.”

“हट्टी आहे,” मी म्हटलं आणि पाणी प्यायला उठून गेले.

धाकटे, एकदा तू सायकल मागायला आली होतीस, मी नाही म्हटलं, आणि तू मूठ उघडलीच नाहीस. गप्प निघून गेलीस. नंतर मोरीत हात धुताना मी पाहिलं, तळहातावर ‘हो’ लिहिलेलं होतं. तू साबण लावून लावून ते काढत होतीस. तेव्हाही मी काही बोलले नाही आणि सायकलही दिली नाही.

या चार ठिकाणीसुद्धा तू ‘हो’ लिहून ठेवलं आहेस. मी नाही म्हणून झाल्यावर, बाबा जाऊन झाल्यावर, ऑफिस सोडायच्या आदल्या आठवड्यात बसून. तारीख फायलीत आहे. एक शब्द बदलला असता तर सगळं हिरवं होऊन गेलं असतं. तू तो बदलला नाहीस.

मी चाचण्यांना हात लावला नाही. मी नियम उघडला. ‘बाबांची खोली. आई, ताई.’ त्यापुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं, ‘धाकटी’. चालवलं. सहासष्ट पास, शून्य वगळल्या. ऑफिसात सगळ्यांसमोर रडायचं नाही एवढं भान होतं. यानं बाबांची गुरुवारची संध्याकाळ परत येत नाही, मला कळतं. आता मॅन्युअलात त्या चारांबद्दल ओळ लागणार नाही.

पहिल्या पानावरचं वाक्यही झालं. ‘ज्याचं नाव लिहिलं नाही, त्याला तुम्ही नाकारलं आहे. तसं तुमच्या मनात नव्हतं, हे ‘कडी’ ऐकून घेत नाही.’ साहेब म्हणाले, जरा कडक वाटतंय. मी म्हटलं, असू दे.

परवा रविवारी मी बाल्कनीत होते. आईचं बोलणं ऐकलं. तू ऑपरेशनला येतेस का असं तिनं विचारलं. मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. फोन ठेवून मला म्हणाली, “ती म्हणते, मला पुन्हा खालीच बसवतील.”

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

हे जलद पोस्टानं पाठवतेय. सोमवारपर्यंत मिळायला हवं. ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे.

काल हॉस्पिटलातून फॉर्म आणला. हल्ली नियम बदललाय. पहिले दोन दिवस पेशंटजवळ एकच माणूस, त्यामुळे तीन ओळी गेल्या आणि एकच राहिली. मी फॉर्म घरी आणून आईसमोर ठेवला. ती भाजी निवडत होती.

“तुझं लिही,” ती म्हणाली. “ती येते न येते.”

“येईल.”

“कशावरून?”

मी पेनचं टोपण काढलं.

“आणि नाही आली तर? दोन दिवस मी नर्सचं तोंड बघत बसू?”

आई खाली मान घालून देठं काढत राहिली. मग हात पदराला पुसून म्हणाली, “लिही. तिचंच लिही. पण खाली सही मी करणार. मागच्या खेपेला सही तुझी होती.”

म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. तीन वर्षं रोज माझ्यासमोर जेवायला बसते आणि एका शब्दानं बोलली नाही. मी तिच्या पायाशी बसले, तिनं माझ्या डोक्यावर ओल्या हातानं एक टप्पल मारली. जोरात मारली.

आज सकाळी फॉर्म दिला. काउंटरवरची बाई नवीन आहे, चष्मा साखळीला अडकवलेला, सारखी शिंकत होती. तिनं यादी कॉम्प्युटरवर चढवली. मी अर्धा तास बाहेर चक्कर मारली आणि परत येऊन तिच्यासमोर उभी राहिले. तूच शिकवलंस, नियम लिहून भागत नाही, विचारून बघावं लागतं.

“मी पेशंटची थोरली मुलगी. बुधवारी मला वर जाता येईल ना?”

तिनं बघितलं. “यादीत तुमचं नाव नाही.”

“मी सख्खी मुलगी आहे हो.”

“असाल ना, पण नाव नाही. खाली बाकावर बसा.”

धाकटे, मला हेच उत्तर हवं होतं, मी तसं आधी लिहूनही ठेवलं होतं. तू हे चार वेळा ऐकलंस. मी त्या बाकावर जाऊन बसले. त्याची एक फळी सैल आहे, बसलं की कुरकुरते. तुला माहीत असेल.

मग उठून दुसरी चाचणी केली. “आणि धाकटी आली तर?”

“त्यांचं नाव आहे. कधीही येऊ द्या, लगेच सोडू.”

दोन्ही पास.

आई म्हणाली होती, यादीत माझं नाव नाही हे तुला कळवू नको, जबरदस्ती वाटेल. मी कळवतेय, कारण लपवून काय होतं ते माझं बघून झालंय. पण तुझ्यावर ओझं नको. यायचं नसेल तर आईला फोनवर नुसतं ‘नाही’ म्हण. बुधवारी सकाळी आठपर्यंत नाव बदलून देतात, मी विचारून ठेवलंय. आई एकटी राहणार नाही. एवढं म्हटलंस तरी मी समजेन, आणि तुझा टॉवेल तरीही त्याच खुंटीवर राहील.

आलीस तर मी खाली बाकावर असेन. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. माझ्याकडे बघायलाही नको. मी मूठ मिटून बसलेली दिसेन. त्यात काय लिहिलंय ते तुला मागाहून कधीतरी दाखवेन. मी ते हे पत्र लिहायला बसण्याआधी, कालच लिहिलंय, पुसू नये म्हणून भांडी आईला घासायला लावली, आणि बुधवारपर्यंत तेच गिरवत राहणार आहे.

लिफ्टला गर्दी असते, जिन्यानंच जा. तिसरा मजला, डावीकडची दुसरी खोली. पलंग भिंतीकडे तोंड करून होता, वॉर्डबॉयला सांगून तो फिरवून घेणार आहे. आईचं तोंड दाराकडे असेल.

तुझी
ताई